कोरडी प्रदक्षिणा

माघ शुद्ध षष्ठी. चावडीच्या फारसी दप्तरात कुठला इस्फंदार महिना चालू असेल तो तिथल्यांनी बघावा. उद्या रथसप्तमी आहे आणि मी ओसरीवर बसून, पोहताना पाठीला बांधायच्या वाळल्या भोपळ्यांना अंबाडीच्या सुतळीची जाळी विणतेय.

आक्का, हे काम तुमचं. तुमची वीण अशी घट्ट की भोपळा फुटला तरी जाळी शाबूत राहायची. माझी ढिली पडते. सकाळपासून दोनदा उसवली. काल तुमचं तेरावं झालं, पंगती उठल्या, भांडी घासून झाली, पाहुणे माजलगावच्या वाटेला लागले. आता घरात कोणी रडत नाही, त्यामुळं कामं उरकतात. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी पोथी वाचायला घेतली की तुम्ही पहिल्या अध्यायालाच घोरायला लागायच्या. तरी लिहितेय. माझ्या वडलांनी मला अक्षरं शिकवली ती काही नुसती पोथीसाठी नव्हेत. एवढी वर्षं जावा म्हणून एका चुलीवर भांडलो. अर्धवट राहिलेलं भांडण कुठंतरी पुरं केलंच पाहिजे.

तर आधी मुद्द्याचं. गाव म्हणतंय, तुम्हाला सिंदफणेतल्या रांजणडोहानं घेतलं. हे साफ खोटं आहे. तुम्ही पाण्यात मेला नाहीत. पाण्यातून धडधाकट वर आलात, आणि काठावर, अंगावरच्या ओल्या लुगड्यात गारठलात, त्यानं मेलात. एवढ्याशा फरकानं काय होतं, असं कोणाला वाटेल. त्या फरकावर माझ्या सुनेचा, चंद्राचा, जन्म टांगलेला आहे. कारण कोंडाबाई गुरवीण घराघरांत सांगत फिरतेय, "आसरांनी पोरगी मागितली हुती. पोरगी सुटली, म्हनून चुलतसासू नेली. एकीच्या बदल्यात एक." आणि डोहाकाठच्या देवळात सात शेंदरी दगड होऊन बसलेल्या त्या सात आसरांपैकी एकही उठून सांगत नाही की बाई, आम्ही काही मागितलं नव्हतं.

चंद्राला सगळं ऐकू येतं. परवा तुमच्या पानावरची पोळी वाढायला ती पुढं झाली, तर तुमच्या माहेरच्या एका म्हातारीनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. मी ते ताट परत तिच्या हातात दिलं. पण मी अशी किती ताटं परत देणार?

मी या घरात आले तेव्हा मला पाणी माहीत होतं ते घागरीतलं. माझं माहेर वर बालाघाटाच्या माथ्यावर. उन्हाळ्यात दोन घागरी आणायला अर्धा दिवस मोडायचा. तुम्ही पडलात गंगथडीच्या. गोदावरीच्या काठी आधी पोहायला आणि मग चालायला शिकलेल्या. माझ्या पहिल्या माघात तुम्ही मला माघस्नानाला डोहावर नेलंत. सिंदफणेला तेव्हा खडकांमधून बोटभर धार होती, पण डोह काळाशार भरलेला. कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी देवाच्या नावाऐवजी तुमच्या नावानं बोटं मोडली.

"कावून गं गिरजे, पाणी चावलं का काय?"

"हे पाणी न्हाई, सुया हायत सुया."

"मग घे टोचून. आन् तोंड मिट. उघड्या तोंडात आदी पाणी जातं, मग यम."

पोहायला शिकवायचं खूळ तुमच्या डोक्यात त्यानंतर काही वर्षांनी शिरलं. आपल्या शेजारची सगुणा आषाढात धुणं धुताना शेवाळावरून घसरली. तुम्ही त्या दिवशी एका बाळंतिणीपाशी बसला होता. काठावर आम्ही सात-आठ जणी होतो, धडधाकट, आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. आम्ही बोंबा मारल्या. पुरुष रानातून येईपर्यंत सगुणा दोन वळणं खाली गेली होती. तुम्ही आलात, सगळ्यांकडं एकदा बघितलंत आणि म्हणालात, "बोंब मारून कोण वर येतं का गं?" एवढंच. पण त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत.

शिकवायचं तर कधी? उन्हाळ्यात डोहाला म्हशी आणि पोरं लागलेली. पावसाळ्यात गढूळ लोंढा. बाकी वर्षात बाई घागरीवाचून नदीकडं निघाली तर दहा जण विचारणार, कुठं चाललीस. एका माघस्नानाला मात्र कोणी विचारत नाही. पौषाच्या पुनवेपासून माघाच्या पुनवेपर्यंत, सूर्य उगवायच्या आधी, डोह बायकांचा. पुरुष त्या अंगाला फिरकत नाहीत. देवाच्या नावावर मिळालेली ती मुभा तुम्ही पोहण्याच्या कामी लावलीत. म्हणून आपल्या गावच्या बायका पोहायला शिकल्या त्या वर्षातल्या सगळ्यांत गार पाण्यात. मी कुरकुरले तेव्हा तुम्ही म्हणालात, "गार पाण्यात ज्याला श्वास धरता आला त्याला पुरात बी धरता येतो. आन् हिवात बघायला कोण येत न्हाई, ही येक सोय."

तुम्ही कडक होता. खडकावरून उडी मारायची नाही म्हणजे नाही. आधी हात भिजवायचे, मग पाय, मग मानेचा मागचा भाग, मग तोंडावर ओंजळ. मग काठाच्या सपाट पाटखडकाला धरून गळ्याएवढ्या पाण्यात उतरायचं आणि तिथंच थांबायचं. गार पाणी छातीला लागलं की श्वास आपला आपण वर उडतो, हूं हूं करत, कितीही मोठी पोहणारी असो. तो खाली बसल्याशिवाय खडक सोडायचा नाही. श्वास बसला की नाही हे कळायला तुम्ही ओवी लावून दिली होती. स्वतःच जोडलेली. मी तिला हसायची, कारण ना त्यात देव होता ना भाऊराया:

"थंड पान्या रं दादा, नगं छाती तू दाबूस,
मी गंगथडीची लेक, तेवढं नगं इसरूस."

ही ओवी मध्ये न तुटता म्हणता आली तर खडक सोडायचा. तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. कितीक जणींची ओवी पहिल्या दिवशी 'दादा'पाशीच अडकून पडायची आणि सगळा डोह हसायचा.

दुसरं तुमचं ते गाठीचं. पाण्यात बोटं आधी मरतात, मग हात, मग अक्कल, असं तुम्ही सांगायच्या. म्हणून पोहताना मधूनमधून पाटखडकापाशी यायचं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून दाखवायची. गाठ बसली तर आणखी एक फेरी. बोटं गाठीवरून घसरायला लागली की बाहेर, मग ती पाटलाची सून असो की कोणी. अंगात अजून जोर आहे, बरं वाटतंय, असं म्हणणारीला तर तुम्ही आधी बाहेर काढायच्या. "बरं वाटतंय म्हनजे गार पाण्यानं भूल घातली," म्हणायच्या. एकटीनं उतरायचं नाही. आणि काठावर एकीनं कोरडं बसायचंच.

हे सगळं तुमचं. त्यात माझी भर दोनच गोष्टींची. एक गुळाची. उपाशीपोटी गार पाण्यात शिरणं म्हणजे लाकडं न घालता चूल पेटवणं. तुम्ही म्हणालात अंघोळीआधी तोंडात काही घालायचं नसतं. मी म्हटलं गूळ काय, तो देवाचाच. त्यावर तुम्ही दोन दिवस गप्प होता आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याच कनवटीतून खडा निघाला.

दुसरी गोष्ट कोरड्या लुगड्याची. तिथं मात्र तुम्ही शेवटपर्यंत हलला नाहीत.

माघस्नान झालं की ओलेत्यानं आसरांच्या देवळाला प्रदक्षिणा. अंगावरून पाणी निथळतंय, वारा सुटलाय, दात वाजतायत, आणि बायका हळूहळू फेऱ्या घालतायत. कारण पळत घातली तर पुण्य नाही! पोहणं सुरू झालं त्या पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, पाण्यात आपण एवढं जपतो आणि बाहेर येऊन हे काय करतो. पाण्यातून बाहेर आल्यावरच माणूस जास्त गार पडत जातं. मी मोजायला बसले नव्हते, पण डोळे होते. पाण्यात हसणाऱ्या बायका प्रदक्षिणेत निळ्या पडायच्या.

"आदी अंग पुसा, कोरडं नेसा, मग काय फिरायचं ते फिरा," मी म्हणायची.

"कोरडं नेसून का देवाला जात्यात? मग अंघुळ केली हे देवाला कळावं कसं?"

"एवढा मोठा देव, त्याला वास तर येत आसंल."

तुम्ही मला पाणी फेकून मारलंत. दरसाल हेच भांडण, दरसाल तुमची जीत, कारण तुमच्या मागं सगळी रीत उभी होती आणि माझ्या मागं फक्त शिंका. यंदा संक्रांतीच्या आधी मी माजलगावच्या बाजारात एका धनगराकडून काळी घोंगडी आणली, दाट विणीची, पाऊस झेलील अशी. म्हटलं, निदान ओल्यावर ही तरी पांघरा. तुम्ही ती हातात घेतलीत, उलटीसुलटी केलीत, चांगली आहे म्हणालात आणि परत माझ्या खांद्यावर टाकलीत. "घोंगडी पांघरून देवाला? मी काय मेंढरं राखायला चालले?" त्या दिवसापासून मी ती रोज डोहावर न्यायची आणि रोज परत आणायची. हट्ट काय तुम्हालाच होता?

तुम्ही गेलात त्या दिवशी हिव फार होतं. करडईच्या रानातून जाताना दहिवरानं पोटऱ्यांपर्यंत लुगडी भिजली. डोहावर वाफ उठत होती, जशी म्हशीच्या पाठीवरून उठते. तुमचं पोहणं उरकलं होतं, तुम्ही बाहेर येऊन लुगड्याचा ओचा पिळत होता. मी काठावरची कोरडी. तुम्ही कमरेची गाठ मारायला गेलात आणि ती बसेना. मी बघितलं.

"आक्का, गाठ?"

"बसंल की."

"तुमचाच कायदा हाय. बोटं मेली की बाहेर, आन् बाहेर आलं की कोरडं. चला, पुसा अंग."

"बाहेर तर आले. पुसायचं काय तू कायद्यात घालतीस."

इतकं बोलणं झालं आणि मागं पाण्यात धप्प झालं. बालाघाटाच्या सासूची सून उडी कुठली मारणार, असं कोणीतरी चंद्राला डिवचलं होतं. वैशाखात लग्न होऊन आलेली पोर, चार दिवस भोपळे बांधून हात मारलेले. भोपळे न बांधताच तिनं पाटखडकावरून उडी टाकली. ना हात भिजवले, ना मान. गार पाणी लागताच श्वास उडाला आणि तो तिनं पाण्याखालीच घेतला. वर आली ती डोळे पांढरे करून. हात हलत नव्हते. ओरडलीसुद्धा नाही.

तुम्ही परत गेलात. अंगातली ऊब आधीच सरलेली, बोटं मेलेली, आणि तुम्ही वेळ न घालवता पाण्यात शिरलात. तिची वेणी मनगटाला गुंडाळलीत, कारण बोटांनी धरता येणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तेवढं भान त्या घाईतही होतं तुम्हाला. तिला उताणी ओढत पाटखडकाला आणलीत, आम्ही वर घेतली, तिनं पाणी ओकलं, मग रडली. रडली तेव्हा मी श्वास सोडला.

आणि मग तुम्ही काय केलंत? माझ्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतलीत. "आदी वलं काढ तिचं. समदं काढ. लाज मागनं." स्वतःच्या गारठलेल्या हातांनी तुम्ही तिला त्या घोंगडीत गुंडाळलंत, डोक्यावरून, कानांवरून, पायांखालून. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आक्का. मी दरसाल बोंबलत होते ते तुम्हाला पहिल्यापासून पटलेलं होतं. पोरीच्या बाबतीत तुम्ही माझं ऐकलंत, एक क्षणही न दवडता. स्वतःच्या बाबतीत नाही.

मी म्हटलं, तुम्हीही बदला. तुम्ही म्हणालात, "पाण्यात पाच परदक्षिणा बोलले हाय आसरांना, पोर हाताला लागू दे म्हनून. दिली त्यांनी. आता देणं ओलेत्यानंच द्यावं लागतं. तू पोरीला बघ."

मी पोरीला बघत होते. त्याची मला लाज नाही. तुम्हीच मला तिथं बसवलं होतं. दोन फेऱ्या घालताना तुम्ही सगळ्यांना दिसलात. तिसऱ्या फेरीत देवळाच्या मागं गेलात त्या पुढं आलाच नाहीत. आम्ही गेलो तर तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसला होता, दमून बसावं तशा. कमरेची गाठ सुटलेली आणि हात तिच्यावर.

घरी आणलं तेव्हा श्वास होता. शेजारणींनी हंड्यानं कढत पाणी आणून ओतलं, जाळापुढं धरलं, हातपाय रगडरगड रगडले. मी नको नको म्हणत होते. माझं कोण ऐकणार, सगळ्या जीव लावून करत होत्या. अंगणात ऊन उतरायच्या आत तुम्ही गेलात.

आता तुमच्या मागचं ऐका. काल पंगती उठल्यावर भावजी ओसरीवर बसले. तुमचे मालक, गावचे पाटील. त्यांच्यापुढं मी आजवर बोललेली नाही. काल बोलले, दाराआडून. ते म्हणाले, "डोह बंद. बायकांनी घरी ऊन पाण्यानं अंघुळी कराव्या. आन् चंद्राला चार महिने माहेरी धाडा. तोंडं बंद होतील."

"चार महिन्यांनी आणायला कोण जानार?" मी विचारलं.

ओसरीवर अडकित्ता वाजला.

"तिला धाडली की लोक म्हनतील, बघा, घरानंच कबूल केलं. पोरीपायी सासू गेली. मग ती जलमभर पांढऱ्या पायाची. माझा पोरगा बी तिच्याकडं मग त्याच नजरेनं बघंल. आक्का पाण्यात शिरल्या त्या ह्याच्यासाठी?"

"तिला पाण्यानं नेलं, बाई. मी काय म्हनू दुसरं?"

"पाण्यानं न्हाई. ओल्या लुगड्यानं. भावजी, पौषात म्हस व्याली आन् रेडकू ओलं पडलं तर तुमी काय करता? कढत पाणी ओतता? जाळापुढं नेता? देवळाभोवती फिरवता?"

अडकित्ता थांबला. मला वाटलं उठून गेले. मग म्हणाले, "आदी पुसून कोरडं करत्यात. कडब्यात ठेवत्यात. पोत्यानं झाकत्यात." जनावराच्या बाबतीत जे कळतं ते माणसाला लावायचं कोणालाच सुचलं नाही, त्यांनाही नाही. मग ते खरंच उठून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

आज सकाळी मी कोंडाबाईकडं गेले. तिला घेतल्याशिवाय काम व्हायचं नव्हतं. देवळाचा झाडू तिच्या हातात आणि गावचं तोंडही तिचंच.

"कोंडाबाई, लोकरीला विटाळ आसतो का?"

"न्हाई बाई. लोकर ती लोकर. तिला कशाचाच विटाळ न्हाई."

"म्हनजे अंघुळ करून, अंग पुसून, घोंगडी पांघरून आसरांना फिरलं तर चालतं."

तिनं झाडू थांबवला. तिच्या लक्षात आलं, पण शब्द देऊन बसली होती. "चालंल… चालंल की. पर आजवर कुनी केलं न्हाई."

"उद्या या बघायला."

"पोरगीला आननार हायस?"

"तिलाच आननार हाय."

म्हणून ही जाळी, आक्का. चंद्राला मी अजून भोपळ्याशिवाय सोडणार नाही. घरातल्या सगळ्या घोंगड्या झटकून ठेवल्या आहेत, गूळ फोडला आहे. तुमचे सगळे नियम तसेच्या तसे, त्यात फक्त माझा एक. यापुढं या गावातली बाई पाण्यातून आली की आधी कोरडी होईल, मग देवाची. कोणाला पटो न पटो.

एक गोष्ट तोंडावर म्हणायची राहिली. जावांमध्ये तशी रीत नसते. तुम्ही मला घागरीतून नदीत आणलंत. सगुणेच्या वेळी मी काठावर नुसती उभी होते; आज मी पाण्यात जाऊन माणूस ओढून आणू शकते. हे तुमचं देणं आहे आणि ते ओलेत्यानं फिटणार नाही. रागही आहे तुमच्यावर. तोही राहू दे. रागानं हात चांगला चालतो, ही शेवटची जाळी बघा कशी घट्ट बसली.

रथसप्तमी. सकाळचं लिहून ठेवते.

आम्ही डोहावर गेलो तेव्हा उजाडत होतं. माझ्यामागं चंद्रा, तिच्यामागं चौघी-पाचजणी, आणि बऱ्याच मागं, आपण सहज आलो असं दाखवत, कोंडाबाई. पाटखडकापाशी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा ठेवलेला होता, आदल्या दिवशी नव्हता तो. लांब वरच्या बांधावर आमच्याकडं पाठ करून एक ओळखीचं मुंडासं बसलं होतं. जाळ केला, पण लांब.

चंद्रा पाण्याकडं बघून थिजली. "आत्याबाई, पाय उचलत न्हाई."

"पाय नगं उचलू. हात भिजव."

तिनं हात भिजवले. मग पाय. मग मान. तोंडावर ओंजळ मारली तेव्हा ती शहारली आणि मी तिच्याबरोबर गळ्याएवढ्या पाण्यात उतरले. खडकाला धरून तिनं तुमची ओवी घेतली. पहिल्यांदा 'दादा'पाशी तुटली. कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा 'छाती'पाशी तुटली. मी म्हटलं, घाई नाही, श्वास तुझाच आहे, कुठं जातोय. तिसऱ्यांदा ती अखंड म्हणाली, आणि 'गंगथडीची लेक' जिथं येतं तिथं 'गंगथडीची सून' असं म्हणाली. मी तिला दुरुस्त केलं नाही.

मग ती भोपळ्यांवर डोहाच्या मध्यापर्यंत गेली आणि परत आली. मी शेजारी होते. पदराला गाठ मारायला लावली. बसली, पण सैल. म्हटलं, बास, बाहेर. तिला अजून एक फेरी हवी होती, बरं वाटतंय म्हणाली. म्हणून आधी बाहेर काढली.

अंग पुसलं, केस कोरड्या फडक्यात बांधले, कोरडं लुगडं, वरून तीच काळी घोंगडी. गुळाचा खडा दाताखाली. मीही तसंच केलं. मग आम्ही दोघी देवळाकडं गेलो आणि तुमच्या पाचातल्या राहिलेल्या तीन प्रदक्षिणा घातल्या. मागच्या भिंतीपाशी चंद्रा थांबली. मी म्हटलं, चल. ती चालली. दुसऱ्या फेरीत कोंडाबाई आमच्यामागून यायला लागली, कोरड्या पायांनी, पुटपुटत. तिसरी पुरी झाली तेव्हा सूर्य वर आला होता आणि बांधावर कोणी नव्हतं.

घरी आल्यावर मी घोंगडी दोरीवर टाकायला घेतली. हात फिरवून पाहिला. वाळत घालायची गरज नव्हती. घडी घालून दारामागच्या खुंटीवर ठेवली, उद्यासाठी, आणि भाकरी थापायला बसले.